शाश्वत शेती आणि सेंद्रिय शेती : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : पलूस परिसर)

प्रस्तावना

शेतीविषयक लेखनात ‘शाश्वत शेती’ आणि ‘सेंद्रिय शेती’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने योजले जातात. शोधनिबंधही यास अपवाद नाहीत. रासायनिक खते बंद केली की शेती शाश्वत झाली, असे त्यांत गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कृष्णाकाठच्या पलूस परिसरात कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनाभेद

सेंद्रिय शेती ही प्रामुख्याने पद्धतीची संकल्पना होय. काय वापरावे व काय वर्ज्य मानावे, याचे नियम तिला आहेत. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी हंगामी पिकांसाठी साधारणतः दोन, तर बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो.

शाश्वत शेती ही परिणामांची संकल्पना होय. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागविणे, ही ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये मांडलेली कसोटी शेतीस लावल्यास जमिनीचा कस, पाणी आणि शेतकऱ्याचे उत्पन्न या तिन्ही गोष्टी टिकल्या पाहिजेत. यांतील एक ढासळली तरी शाश्वतता उरत नाही.

पलूस परिसराचा दाखला

पलूस तालुक्याच्या नदीकाठी खोल काळी जमीन, मुबलक पाणी आणि ऊस यांची सांगड बसली आहे. पाटाने दिलेले अतिरिक्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे भूजल वर येते. पाण्याची वाफ होते व क्षार पृष्ठभागावर साचतात. जमीन क्षारपड होते ती अशी. अशा रानात शेणखत आणि जीवामृत वापरूनही उसाला पूर्वीइतकेच पाणी दिले, तर पीक सेंद्रिय ठरेल. जमीन मात्र नापीक होतच राहील. मुळांच्या थरातील क्षार निव्वळ सेंद्रिय खताने निघून जात नाहीत. ते धुऊन बाहेर काढण्यास निचरा लागतो. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड क्षेत्र पुन्हा लागवडीखाली आणले गेले. हा उपाय सेंद्रिय नियमावलीतून आलेला नाही. तरीही शाश्वततेच्या दृष्टीने तो मूलभूत आहे.

याचा अर्थ सेंद्रिय पद्धती गौण आहेत असा नव्हे. पाचट न जाळता सरीत कुजविणे, ताग-धैंचा गाडणे यांमुळे सेंद्रिय कर्ब वाढतो आणि ओल टिकते. रासायनिक उपायांवर आंधळी भिस्त ठेवण्याची किंमतही या पट्ट्याला परिचित आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि महाराष्ट्रातील बागायतदारांना फटका बसला. दुसऱ्या बाजूस, श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली, तेव्हा भाताचे उत्पादन घटले आणि काही महिन्यांतच धोरण मागे घ्यावे लागले. पद्धत बदलताना उत्पन्नाचा विचार सुटला, तर तो बदल टिकत नाही.

‘शाश्वत’ या शब्दाचीही मर्यादा

सेंद्रिय मालाची निदान तपासणी होऊ शकते. ‘शाश्वत’ हा शब्द मात्र खतविक्रेत्यापासून शासकीय अहवालापर्यंत कोणीही, कोणत्याही पुराव्याविना वापरू शकतो. म्हणून संकल्पना व्यापक असली तरी मोजमापाअभावी ती पोकळ ठरण्याचा धोका आहे.

निष्कर्ष

सेंद्रिय शेती हे शाश्वततेकडे नेणारे एक साधन आहे, साध्य नव्हे. या विषयावर लिहिणाऱ्या अभ्यासकांनी निविष्ठांची यादी देऊन थांबू नये. मातीची विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, भूजलाची पातळी, एकरी पाणीवापर व निव्वळ उत्पन्न यांच्या काही वर्षांच्या नोंदी त्यांनी सादर कराव्यात. परिसरातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र विभागांनी एकत्र येऊन अशा नोंदी ठेवणे शक्य आहे. तसे न झाल्यास प्रमाणपत्र हाती येईल आणि रान क्षारपड होईल. त्याची किंमत अभ्यासक नव्हे, तर शेतकरी मोजेल.