वाजवी भीती कोणाची?

आत्मसंरक्षणाचा हक्क हा मनुष्याच्या सर्व हक्कांत जुना हक्क होय. राज्यसंस्था नव्हती तेव्हाही तो होता. आणि ती निर्माण झाल्यावर मनुष्याने आपले बहुतेक हक्क तिच्या स्वाधीन केले, तरी हा एक हक्क त्याने पुरता सोडला नाही. तथापि या हक्काचा आरंभ कोठे होतो हे कायद्याच्या पुस्तकात पाहू गेल्यास, तो शस्त्रापासून किंवा जखमेपासून होत नसून मनाच्या एका अवस्थेपासून होतो, असे आढळते. त्या अवस्थेचे नाव ‘वाजवी भीती’. १८६० च्या भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमे, आणि त्यांची जागा घेणारी भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे, या दोन शब्दांभोवती फिरतात. मृत्यू अथवा जबर दुखापत ओढवेल अशी वाजवी भीती घालणारा हल्ला असेल, किंवा अपहरणाच्या हेतूने हल्ला झाला असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. मात्र सरकारी अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर तो उरत नाही, आणि संरक्षणास आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची मुभाही तो देत नाही.

येथपर्यंतचा विचार कायदेपंडितांचा झाला. परंतु ही भीती येते कोठून, असा प्रश्न केला की तो साहित्याच्या विचारकाचाही होतो. मनुष्य काही भीती अनुभवाने शिकतो. बहुतेक भीती तो ऐकून आणि वाचून शिकतो. काळोखात समोर आलेला अनोळखी इसम वाटसरू आहे की दरवडेखोर, हे ठरविण्यास त्याच्यापाशी क्षणाचाही अवधी नसतो. त्या क्षणी त्याच्या मनात जे शब्द आधीपासून साठलेले असतात तेच निकाल देतात. न्यायाधीश भीती वाजवी होती की नव्हती हे मागाहून ठरवितो. वृत्तपत्र ती अगोदर घडविते. म्हणून आत्मसंरक्षणाच्या कायद्याचा विचार करताना भीतीच्या वाङ्मयाचा विचार करणे प्राप्त आहे, आणि त्या विचारास लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाइतके उपयुक्त पुस्तक मराठीत दुसरे क्वचितच सापडेल. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या व १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकाचा लेखक धनेगाव येथे जन्मला. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा होईपर्यंत तो सारा टापू आमच्या धाराशिव, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत असे.

‘उचल्या’ वाचण्यापूर्वी एक ऐतिहासिक विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. मेकॉले व त्याच्या सहकाऱ्यांनी १८३७ साली दंड संहितेचा मसुदा केला, तेव्हा या देशातील लोक फार सोशिक आहेत, आत्मसंरक्षणाचा हक्क संकुचित न करता त्यांच्या अंगी प्रतिकाराचे बळ येईल असाच तो ठेवावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे चौतीस वर्षांनी, १८७१ साली, त्याच राज्याने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू होण्याची वाट मोकळी झाली. या कायद्याने मनुष्याचा गुन्हा त्याच्या कृत्यावरून नव्हे, तर जन्मावरून ठरविला. त्याचे नाव नोंदविले, त्यास हजेरी लावली. एका हाताने राज्याने प्रजेस आत्मसंरक्षणाचा हक्क दिला, आणि दुसऱ्या हाताने कोणापासून भ्यावे याची यादी दिली! युरोप-अमेरिकेत ज्यास वंशभेद म्हणतात तो आपल्याकडे या यादीच्या रूपाने सरकारी दप्तरात आला. १९५२ साली कायदा रद्द झाला. यादी मात्र लोकांच्या जिभेवर राहिली.

तिचे जतन करण्यात वृत्तपत्रांचा वाटा थोडा नाही. चोरीची बातमी देताना चोर ब्राह्मण, मराठा किंवा लिंगायत असल्याचे वार्ताहराने लिहिले तर वाचक चकित होईल, कदाचित संतापेलही. तोच मनुष्य पारधी असल्याचे लिहिले तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. ‘पारध्यांची टोळी जेरबंद’ या धाटणीचा मथळा आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी निकालपत्राचे काम करतो. येथे वार्ताहर खोटे बोलतो असे नाही. तो पोलिसांनी दिलेला मजकूर उतरवून घेतो, आणि जातिवाचक शब्दाला कर्त्याची जागा देतो; व्याकरणाच्या या लहानशा व्यवहाराने एका मनुष्याचा गुन्हा साऱ्या जमातीच्या नावे जमा होतो. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, ही तक्रार डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायका’च्या पहिल्याच अंकात मांडली होती. तिचा रोख पत्रांच्या मौनावर होता. गुन्ह्याच्या बातमीत हे मौन सुटते, पण न्यायाच्या बाजूने सुटत नाही.

या शब्दव्यवहाराचे फळ किती भयंकर असू शकते, याचे उदाहरण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे दिसले. मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मुले पळविणारे समजले गेले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि जमावाच्या मारहाणीत मरण पावले. ती अफवा वृत्तपत्रांनी उठविली नव्हती, ती भ्रमणध्वनीवरून आली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु अफवेचे बी कोणत्याही जमिनीत रुजत नाही. मुले पळविणारा म्हणजे पालात राहणारा, गावोगाव हिंडणारा, निराळा वेष करणारा, ही मशागत शंभर वर्षांच्या लिखापढीने केलेली होती. कायद्याच्या दृष्टीने पाहता येथे आत्मसंरक्षण मुळीच नव्हते. ज्यास खोलीत कोंडता येते त्यास पोलिसांच्या हवाली करता येते. पण जमावाच्या मनात अपहरणाची भीती होती, आणि ती आपणास वाजवीच वाटत होती, हेच या प्रकरणातील दारुण सत्य होय.

न्यायासनही या वातावरणापासून अलिप्त राहतेच असे नाही. २००३ सालच्या एका हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा जणांस सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी ठोठावली. आणि त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी पुनर्विचारान्ती सहाही जणांस निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. मध्यंतरी त्यांच्या आयुष्याची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली. त्यांना गुन्हेगार मानणे इतके सोपे का झाले, याचे उत्तर केवळ साक्षीपुराव्यात शोधून भागणार नाही.

आता ‘उचल्या’कडे वळू. या पुस्तकाचा मोठेपणा असा की, ज्यांची भीती बाळगली जाते त्यांच्या स्वतःच्या भीतीची नोंद ते करते. पोलिसांचा छापा, बेदम मार, हजेरीचा जाच. मार सोसता यावा आणि तोंडून कबुली निघू नये म्हणून लहानपणापासून घरच्यांनीच दिलेला मार. मुलगा शाळेत गेला म्हणून वस्तीत रोगराई आली असे मानणारी आपलीच माणसे — हे सर्व लेखक कसलाही आव न आणता सांगतो. वाचता वाचता एक प्रश्न मनात उभा राहतो: या माणसांच्या भीतीस वाजवी कोण म्हणणार? लोकसेवक सद्हेतूने आपल्या अधिकाराच्या नावाखाली वागत असेल, तर मृत्यूची वा जबर दुखापतीची भीती नसता त्याच्याविरुद्ध आत्मसंरक्षणाचा हक्क नाही, असे कायदा सांगतो. राज्य चालण्यास ते आवश्यकही असेल. परंतु ज्यांच्या दारी लोकसेवक केवळ छाप्याच्याच रूपाने येतो, त्यांच्यापाशी मग हक्क म्हणून काय उरते?

या ठिकाणी अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’शी (१९५९) तुलना सुचते. अण्णाभाऊंनी ज्यास दप्तर दरवडेखोर म्हणते त्यास वीर केले. भीतीच्या जागी त्यांनी दरारा आणि आदर आणला. ते काम थोर आहे, पण वीर हाही सामान्य मनुष्याहून निराळाच राहतो. गायकवाडांनी कोणासही वीर केले नाही. त्यांची माणसे चोरी करतात, मार खातात, उपाशी झोपतात. आणि वाचकास त्यांच्याविषयी आदर वाटण्यापूर्वी ओळख वाटते. ओळख झाली की भीती आपोआप निवते. उत्तरार्धात पुस्तकास चळवळीच्या अहवालाचे रूप येते व निवेदन विसकळीत होते, हा दोष खरा. परंतु पूर्वार्धाने मिळविलेले श्रेय त्याने उणावत नाही.

यावर कोणी म्हणेल की, चोऱ्या होत नाहीत काय? शेतवस्तीवर एकटे राहणाऱ्या कुटुंबाने रात्री दार वाजल्यावर भिऊ नये काय? चोऱ्या होतात, हे ‘उचल्या’च सांगतो, आणि वस्तीवरच्या शेतकऱ्याचा आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्ण खरा आहे. आक्षेप भीतीस नाही. भीतीस जात चिकटविण्यास आहे. तसेच, एका पक्षपातावर उलट पक्षपात हा उतारा नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २६ फेब्रुवारी २०१२ रोजी ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णी मुलगा गोळीने मारला गेला. मारणाऱ्याने आत्मसंरक्षणाचा बचाव केला व जुलै २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. त्या प्रकरणी एनबीसी या वृत्तसंस्थेने पोलिसांशी झालेले त्याचे संभाषण असे कापून ऐकविले की, विचारल्यावाचूनच त्याने मुलाचा वर्ण सांगितला असे वाटावे. वस्तुतः तो प्रश्न समोरून विचारला गेला होता. वंशभेदाचा प्रश्न खरा असताना पुराव्यास लावलेली ही कात्री अन्यायपीडितांच्याच बाजूस दुर्बळ करून गेली. ज्या बाजूने न्याय आहे तिला तर काटेकोर सत्याची गरज अधिक.

१ जुलै २०२४ रोजी, राईनपाड्याच्या घटनेस बरोबर सहा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, भारतीय न्याय संहिता अमलात आली. वंश, जात, समाज अशा कारणांवरून पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनास तिच्या १०३ व्या कलमात स्वतंत्र स्थान मिळाले आहे. हे योग्यच झाले. पण हे कलम हात उगारला गेल्यानंतरचे आहे. हात उगारण्यापूर्वी मनात जो शब्द उगारला जातो त्यास कोणतेही कलम पोहोचत नाही. तेथे संपादकाची लेखणी पोहोचते, आणि तिच्यापाशी मागणे फार मोठे नाही. आरोपीचे कृत्य लिहावे. त्याची जात त्या कृत्याशी संबद्ध नसेल तर लिहू नये. आणि तो निर्दोष सुटला तर तेही, अटकेची बातमी ज्या टायपात छापली त्याच टायपात छापावे. तोवर आमच्या माळरानाच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या मनुष्यास गावाची जी भीती वाटते, ती सर्वस्वी वाजवी आहे असेच म्हणावे लागेल.