अर्धविराम कुठे राहिला?

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत दोन दिवस बसण्याचा योग आला. अकरावीचे विद्यार्थी सी भाषेतील पहिल्या आज्ञावल्या लिहीत होते. फळ्यावर एक नमुना होता, तो जर्नलमध्ये उतरवायचा, मग यंत्रावर टंकायचा आणि पडद्यावर उत्तर आले की सरांची सही घ्यायची, असा क्रम होता. एका मुलीच्या यंत्रावर तांबडी पट्टी उमटली. आज्ञेच्या शेवटी अर्धविराम नाही, अशी तक्रार होती आणि ती सहाव्या ओळीवर होती. सहावी ओळ तर निर्दोष होती. चूक पाचव्या ओळीत होती.

"सर, चूक पाचव्या ओळीत आहे ना, मग हे सहावी काऊन दाखवते?" तिने विचारले.

"अगं, ते तसंच असतं. एक ओळ वर पाहायची," तिच्या सरांनी सांगितले. मुलीने अर्धविराम टाकला, उत्तर आले, सही झाली.

सरांचा सल्ला उपयोगाचा होता. पण प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, आणि सी भाषेचे व्याकरण समजून घेण्याची त्या तासातली सर्वांत चांगली संधी निसटली. या लेखातील टीका त्या सरांवर नाही. ही भाषा शिकवण्याची जी रीत आपण सगळ्यांनी मिळून रूढ केली आहे, तिच्यावर आहे.

प्रथम त्या मुलीचा प्रश्न. तिच्या पाचव्या ओळीत 'ए = 5' एवढेच होते आणि सहाव्या ओळीची सुरुवात 'प्रिंटएफ' या शब्दाने होत होती. (येथे सर्व देवनागरीत लिहिले आहे, यंत्रावर ते रोमन लिपीत टंकावे लागते.) आपण ओळी पाहतो, कंपायलर ओळी पाहत नाही. तो डावीकडून उजवीकडे एकेक शब्द, एकेक चिन्ह उचलत जातो. ओळ संपल्यावर आपण एंटरची कळ दाबतो, ती त्याच्या लेखी दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेइतकीच. तेव्हा 'ए = 5' वाचून झाल्यावर वाक्य संपले असे मानायला त्याला काहीच कारण नसते. पुढे '+ 2' येऊ शकते, '* बी' येऊ शकते. तसे आले असते तर वाक्य बिनचूक पुढे चालू राहिले असते. म्हणून तो पुढचा शब्द पाहतो. तो निघतो 'प्रिंटएफ'. पाचाच्या पाठोपाठ असे नाव येऊच शकत नाही, म्हणजे मधे काहीतरी राहिले, हे त्याला त्या क्षणी कळते. त्या क्षणी तो सहाव्या ओळीवर पोचलेला असतो, म्हणून तिचा क्रमांक देतो. चूक कुठे झाली हे तो सांगत नाही. चूक कुठे लक्षात आली ते सांगतो. अलीकडच्या जीसीसी या कंपायलरमध्ये ही खूण मागच्या ओळीच्या शेवटी दाखवण्याची सोय केली आहे, पण शोध लागतो तो पुढच्या शब्दावरच.

हे समजले की 'एक ओळ वर पाहा' हा नियम पाठ करावा लागत नाही. मधे चार कोऱ्या ओळी असल्या तर चूक पाच ओळी वर असेल, हेही आपोआप कळते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची येथे आणखी एक अडचण होते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ';' या चिन्हाला मराठीच्या तासाला ती अर्धविराम म्हणायला शिकली आहेत. अर्धविराम म्हणजे वाक्य अजून संपलेले नाही. सी भाषेत हेच चिन्ह वाक्य संपवते, म्हणजे काम पूर्णविरामाचे करते. '=' या चिन्हाचा घोळ याहून मोठा. सात-आठ वर्षे गणिताच्या तासाला दोन्ही बाजू समान असणे हा त्याचा अर्थ मुलांनी घोटलेला असतो. 'क्ष = क्ष + 1' हे समीकरण आठवीतला विद्यार्थी चूक ठरवील, आणि ते बरोबरच आहे. सी मध्ये मात्र ती आज्ञा आहे: उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या जागेत ठेव. '5 = ए' लिहिले तर कंपायलर अडून बसतो, कारण 5 ही जागा नव्हे, तिच्यात काही ठेवता येत नाही. अल्गोल आणि पास्कल या भाषांनी हा गोंधळ टाळण्यासाठी ':=' असे वेगळे चिन्ह वापरले होते. सीच्या आधीच्या बी भाषेत केन थॉम्पसन यांनी एकेरी '=' घेतले, कारण ठेवण्याची आज्ञा तुलनेपेक्षा अधिक वेळा लिहावी लागते आणि कमी टंकावे लागते. तुलनेच्या वाट्याला '==' आले. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी घडवली तेव्हा तीच सवय पुढे आली. गणिताच्या शिक्षकाने या एका चिन्हावर दहा मिनिटे दिली तर पुढचे कित्येक तास वाचतील.

आता जर्नलविषयी. मी पाहिलेल्या प्रत्येक जर्नलमध्ये प्रत्येक आज्ञावलीच्या आरंभी त्याच चार ओळी होत्या: एसटीडीआयओ डॉट एच, कोनिओ डॉट एच, व्हॉइड मेन आणि पडदा पुसणारे सीएलआरएससीआर. पूजेआधीच्या संकल्पासारख्या. यांपैकी सी भाषेच्या आहेत किती? कोनिओ आणि सीएलआरएससीआर या बोरलँड कंपनीच्या टर्बो सी या कंपायलरबरोबर मिळणाऱ्या सोयी आहेत, भाषेचा भाग नव्हेत. 'व्हॉइड मेन' हे टर्बो चालवून घेते. 1989 च्या अमेरिकन प्रमाणकात मात्र मेनपुढे 'इंट' आहे. मी बरोबर नेलेल्या लॅपटॉपवर जीसीसी होता. त्यावर फळ्यावरचा नमुना जसाच्या तसा टंकला, तेव्हा पहिलीच तक्रार आली की कोनिओ नावाची फाइल सापडत नाही. मुले चकित झाली. त्यांच्या मते तो 'सी'च होता.

याला इतिहास आहे. टर्बो सी 1987 साली आले, त्याचे सी++ रूप 1990 साली. लहान, चपळ, साध्या डॉस यंत्रावर चालणारे ते उत्तम साधन होते. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 मधले, यवतमाळचे जवाहरलाल दर्डा महाविद्यालय 1996 मधले. त्या काळात विदर्भातल्या मुलांच्या हाती सी आली ती टर्बोच्या निळ्या पडद्यावरून आणि नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकातून, आणि त्यावर एक पिढी उभी राहिली. पण 64 बिटांच्या विंडोजवर टर्बो थेट चालत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स नावाचे जुन्या यंत्राचे सोंग आणावे लागते. त्या प्रयोगशाळेतही ते आणलेच होते.

हा केवळ जुन्या-नव्याचा वाद असता तर मी लेख लिहिला नसता. टर्बोमध्ये कंपायल झाले की एक चौकट येते आणि तिच्यात 'सक्सेस' हा शब्द लुकलुकतो. मुले या शब्दाला उत्तर बरोबर असल्याचे प्रमाणपत्र समजतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्यांच्या जिल्ह्याचाच हिशोब दिला. जिनिंगमध्ये 1000 किलो कापसातून 340 किलो रुई निघाली, तर रुईचा उतारा शेकडा किती? हे तोंडी कोणीही सांगेल: 34. मुलांनी दोन्ही चल 'इंट' प्रकारचे घेतले आणि 'रुई / कापूस * 100' असे लिहिले. सक्सेस आले. उत्तर आले शून्य.

पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की सी अपूर्णांक टाकून देते. 340 भागिले 1000 म्हणजे शून्य, आणि शून्याची शंभरपट शून्यच. एका मुलाने युक्ती केली, आधी गुणले: 'रुई * 100 / कापूस'. माझ्या लॅपटॉपवर 34 आले. त्याच्या टर्बोवर उणे 31 आले! टर्बोचा इंट 16 बिटांचा, त्यात जास्तीत जास्त 32767 मावतात. 340 गुणिले 100 म्हणजे 34000. ते मावले नाही, 65536 ने घसरून उणे 31536 झाले आणि त्याला 1000 ने भागल्यावर उणे 31 राहिले. व्याकरण दोन्हीकडे निर्दोष होते, म्हणून कंपायलर दोन्हीकडे गप्प राहिला. आधी घोषित न केलेले नाव वापरले असते, तर एकही ओळ चालण्यापूर्वी त्याने अडवले असते. पण आपल्याला काय म्हणायचे आहे, हे त्याला कधीच कळत नाही.

माझी तक्रार ही आहे की आपल्या जर्नलात शून्य आणि उणे 31 यांना जागाच नाही. तेथे फक्त चाललेल्या आज्ञावल्या असतात, तक्रारी सही घेण्यापूर्वीच पुसल्या जातात. परीक्षेच्या चिठ्ठीतही पाठ केलेलीच आज्ञावली येते. शिक्षकांचा वेळ अपुरा असतो, एका यंत्रावर तीन-तीन मुले असतात, तक्रारी इंग्रजीत असतात, हे सगळे मला दिसले. तरीही जर्नलाचे डावे पान मोडलेल्या आज्ञावल्यांसाठी ठेवता येईल. चालणारी आज्ञावली घ्यायची, तिच्यातले एक चिन्ह मुद्दाम काढायचे, यंत्र काय म्हणेल ते आधी लिहायचे आणि मग पाहायचे. त्याला वेगळा खर्च नाही.

त्या मुलीने हे माझ्यादेखत सुरू केले. एंटरला अर्थ नाही, हे मी सांगितले होते ना. तिने माझ्या लॅपटॉपवर सगळी आज्ञावली एकाच लांब ओळीत टंकली, पहिल्या इन्क्लूडच्या ओळीसकट. मेन सापडत नाही, अशी तक्रार आली.

"सर, तुम्ही तर म्हटलं होतं, एंटरला अर्थ नाही म्हणून."

माझे सांगणे अपुरे होते, हे मला कबूल करावे लागले. '#' ने सुरू होणारी ओळ कंपायलरच्या आधी येणारा प्रीप्रोसेसर वाचतो आणि तो ओळीनेच चालतो. त्याने तिची सगळी आज्ञावली इन्क्लूडच्या ओळीतला फालतू मजकूर समजून टाकून दिली होती. मुलीने पहिल्या ओळीनंतर एकदा एंटर दाबले, बाकी सर्व तसेच लांबलचक ठेवले, आणि ते चालले.