गुलाबी किती गुलाबी? ऐरोलीच्या खाडीतले रोहित आणि आपलं एडिटिंग

मागे आवाज येतोय ना? ठीक. बऱ्याच जणांनी कॅमेरे आणलेत, म्हणून आधीच सांगतो. फोटो कसा काढावा हे मी आज सांगणार नाही. काढलेला फोटो घरी आणल्यावर आपण त्याचं काय करतो, त्याबद्दल बोलणार आहे, आणि जरा टीकेच्या सुरात. पण पडद्यावर येणारे तिन्ही फोटो माझेच आहेत, तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये.

ऐरोलीकरांना ठाणे खाडी वेगळी सांगायला नको. २०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली खाडीला रामसर दर्जा मिळाला. हंगामात इथल्या केंद्रातून भरतीची वेळ साधून बोट निघते. संध्याकाळी त्या बोटीतले फोटो मोबाइलवर फिरायला लागतात आणि सगळे एकाच साच्यातले दिसतात. भडक गुलाबी पक्षी, पीस न् पीस कोरलेलं, मागे निळंशार पाणी. आता मला सांगा, आपल्या खाडीचं पाणी निळं कधी होतं? (हशा)

पहिला फोटो बघा. छोटा रोहित, एकटा, दुपारी काढलेला. पक्ष्याच्या पाठीभोवती बारीक पांढरी रेघ दिसते? आणि चिखल वाळूच्या कागदासारखा खरखरीत झालाय. हे माझं पाप. शार्पनिंगचा स्लायडर मी पूर्ण फोटोवर ओढला होता.

शार्पनिंग म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेऊ. डार्करूमच्या काळात निगेटिव्हची मुद्दाम धूसर प्रत करायचे आणि ती मूळ निगेटिव्हला जोडून प्रिंट काढायचे. त्याने कडा उठून दिसायच्या. 'अनशार्प मास्क' हे विचित्र नाव तिथूनच आलं. आजचं सॉफ्टवेअर हेच गणिताने करतं. कडेची गडद बाजू आणखी गडद, उजळ बाजू आणखी उजळ. बस. नवा तपशील एकही येत नाही. फोकस चुकला असेल, किंवा उन्हात तापलेल्या चिखलावरची हवा थरथरत असेल, तर ते शार्पनिंगने सुधारत नाही. उलट तो दोष जास्त ठळक होतो.

म्हणून निवडक शार्पनिंग. लाइटरूममध्ये मास्किंगचा स्लायडर आहे. ऑल्टचं बटण दाबून तो सरकवा. फोटो काळा-पांढरा दिसेल. पांढऱ्या भागावर शार्पनिंग लागतं, काळ्या भागावर नाही. पाणी आणि चिखल काळे होईपर्यंत सरकवा. मग ब्रशने डोळा, चोच आणि मानेवरचे पाण्याचे थेंब, एवढंच थोडं वाढवा. छातीची पिसं मुळात मऊ असतात, ती मऊच राहू द्या. दाणे आधी कमी करा, शार्पनिंग नंतर. आणि मोबाइलसाठी फोटो लहान केल्यावर शेवटचा हलका हात.

एआयची साधनं मात्र वेगळी. ती कडा उठवून थांबत नाहीत, नसलेली पिसं भरतात. ते पीस या पक्ष्याचं नसतं, साधनाने आधी पाहिलेल्या असंख्य फोटोंवरून केलेला तो अंदाज असतो. भिंतीवर लावायला चालेल. नोंद म्हणून नाही.

दुसरा फोटो. रोहितांचा थवा, सगळे खाताना, माना खाली. सगळे कसे एकसारखे गुलाबी! पण मूळ फाइलमध्ये यातले चार पक्षी राखाडी-तपकिरी होते. ती पिल्लं. रोहिताचा रंग शेवाळातून आणि बारीक जिवांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यांमुळे येतो, आणि पूर्ण गुलाबी व्हायला काही वर्षं जातात. राखाडी पक्षी दिसले याचा अर्थ अलीकडे कुठेतरी वीण झाली, पिल्लं जगली. मी रंगाचा स्लायडर ओढला आणि चार पिल्लं पुसून टाकली. पक्षी मोजणाऱ्या एका मित्राने फोटो बघून विचारलं, "यात पिल्लं एकही नाही का रे?" तेव्हा मला कानकोंडं झालं.

आणखी एक. मोठा रोहित अंगाने फिकट, चोच गुलाबी, टोक काळं. छोट्याची चोच गडद लाल, लांबून जवळजवळ काळी. चोच चिखलात बुडालेली असली की ओळखायला बऱ्याच अंशी रंगच उरतो. तोच आपण बदलला तर मोठा रोहित छोटा होऊन बसतो. शिवाय लाल रंग फार वाढवला की त्या भागातली पिसांची घडण सपाट होते. मग आपण पुन्हा शार्पनिंग वाढवतो. एक चूक झाकायला दुसरी.

तिसरा फोटो. उडणारा थवा, मागे मोकळं आकाश. मूळ फ्रेममध्ये विजेचे मनोरे होते, इमारती होत्या. मी ते काढून टाकले. फोटोला लाइक्स भरपूर मिळाले. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसहून जास्त रोहित मेले, तेव्हा मला हाच फोटो आठवला. आपले रोहित महानगराच्या मधोमध, तारा आणि इमारतींमधून वाट काढत जगतात. मी नेमकं तेच पुसलं होतं. कुणी उद्या म्हणालं, "इथे अडचण कसली, आकाश तर मोकळं आहे", तर पुरावा म्हणून माझाच फोटो दाखवेल.

लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ चा विजेता लांडग्याचा फोटो पुढच्या वर्षी बाद झाला. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला असावा, असं परीक्षकांचं मत झालं. फोटो देखणाच होता. प्रश्न खरेपणाचा होता.

मी एडिटिंगच्या विरोधात नाही. रॉ फाइल एडिट करावीच लागते. नजर डोळ्याकडे नेणं ही निवड झाली, आणि ती करावीच. जे होतं ते नव्हतं म्हणून दाखवणं, याला निवड म्हणता येत नाही. मूळ फाइल जपा. काही काढलं असेल तर फोटोखाली एक ओळ लिहा. आणि पाठवण्याआधी स्वतःला विचारा: पक्षी मोजणाऱ्याने हा फोटो बघितला तर त्याची मोजणी चुकेल का?

त्या चार पिल्लांचा फोटो मी आता पुन्हा एडिट केलाय. राखाडी आहेत, फारशी देखणी नाहीत. पण आहेत. बघा, ही इथे. चला, प्रश्न घेऊ.