'निवेदन' आणि परमुलखाची वाट

धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' १९२४ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आपण ते आत्मचरित्रांच्या कपाटात ठेवीत आलो आहोत, आणि वर्गात त्याचा उल्लेख निघालाच तर तो 'ज्ञानार्जनासाठी सोसलेले कष्ट' या ठरीव सदराखाली निघतो. ही वर्गवारी चुकीची नव्हे. परंतु तिच्यामुळे या पुस्तकाचे एक अंग समीक्षेच्या नजरेतून निसटले आहे, असे आम्हांस वाटते. ज्या मुलखाची भाषा येत नाही, आचार ठाऊक नाही आणि जेथे ओळखीचे माणूस नाही, तेथे एकट्याने जाऊन राहणे म्हणजे काय, याचा इतका प्रामाणिक वृत्तान्त मराठीत आम्हांस दुसरा आढळला नाही. 'निवेदन' प्रवासवर्णन म्हणून वाचावे, अशी आमची सूचना आहे.

मराठी माणूस प्रवासी नव्हता असे नाही. पण तो दूर गेला तरी पुष्कळदा मराठी मुलखातच असे. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून आपल्या काकांबरोबर निघाले, ते बैजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञातील दक्षिणेच्या आशेने. वाटेत बंडाच्या वणव्यात सापडून त्यांच्या जिवावर बेतले. 'माझा प्रवास' हे त्या संकटांचे विलक्षण पुस्तक आहे. परंतु त्यांच्या संकटांत भाषेचे संकट फारसे नाही. ज्या दरबारांच्या व वाड्यांच्या आश्रयाने ते राहिले, तेथे मराठी बोलले जात होते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी आणि शेवटी काशीचे घाट हा मराठी राज्याने मागे ठेवलेला एक लांबलचक ओटाच होता. त्यावरून चालणाऱ्याचा पाय परक्या मातीला क्वचितच लागे. आम्ही बडोदेकर त्याच ओट्यावर जन्मलो, म्हणून ही गोष्ट आम्हांस लवकर ध्यानात येत नाही एवढेच.

पुढच्या काळातील प्रवासवर्णनांत ओटा गेला, पण त्याची जागा इंग्रजीने घेतली. 'अपूर्वाई' (१९६०) हे त्याचे सर्वांत आनंददायक उदाहरण. पु. ल. देशपांडे यांच्याजवळ इंग्रजी आहे आणि पत्नीची सोबत आहे. परकेपणाचा तेथे विनोद होऊ शकतो, कारण परकेपणाची भीती उरलेली नाही. हा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. विनोदाला पायाखाली थोडी सुरक्षित जमीन लागतेच.

कोसंबींच्या पायाखालची जमीन मात्र टप्प्याटप्प्याने सुटत गेली आणि 'निवेदना'ची खरी रचना हीच आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेला, नियमित शिक्षण न मिळालेला हा तरुण एका मराठी मुलांच्या मासिकातील बुद्धाविषयीचा मजकूर वाचून भारावला आणि १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी हे पहिले टप्पे. काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकण्याचा दिनक्रम कष्टाचा होता, पण तो मराठी ब्राह्मण विद्यार्थ्यांचा जुना, मळलेला मार्ग होता. येथपर्यंत कोसंबी गोडसे भटजींच्याच ओट्यावर आहेत. १९०२ साली ते नेपाळात गेले आणि ज्या बौद्ध धर्माच्या शोधात गेले तो तेथे न सापडून निराश झाले. पुढे कलकत्त्याहून मद्रासमार्गे ते सिंहलद्वीपास पोहोचले. येथे ओटा संपतो. मराठी तर नाहीच, हिंदुस्थानीही कामाची नाही, इंग्रजी बेताची, आणि खिशात काही नाही.

या ठिकाणी सामान्य प्रवासवर्णनकार काय करील हे आपण जाणतो: तो समुद्र वर्णील, माडांच्या रांगा वर्णील, रस्त्यातील पोशाख आणि चालीरीती टिपील. कोसंबी यातले फार थोडे करतात. रसिक वाचकाची 'निवेदना'विरुद्ध नेहमीची तक्रार हीच, की त्यात दृश्य नाही. ही तक्रार आम्ही अर्धीच मान्य करतो. प्रेक्षकाला दृश्य दिसते, कारण त्याला समोरच्याचे बोलणे कळण्याची गरज नसते. तो उद्या पुढच्या गावी जाणार असतो. कोसंबींना कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी राहून शिकावयाचे होते. अशा माणसाचे डोळे झाडांकडे न जाता अक्षरांकडे जातात, पानातील अन्नाकडे जातात, गुरूच्या चेहऱ्याकडे जातात. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत. म्हणजे संस्कृताच्या बळावर जी भाषा अर्धीमुर्धी उमगावी, ती नव्या लिपीच्या कुलपात बंद. ते कुलूप उघडले की आत मात्र घरातलीच भांडी सापडतात. परक्या देशात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याला याहून मोठा दिलासा कोणता? कोसंबी पुढे ब्रह्मदेशात गेले तेव्हा लिपी पुन्हा बदलली, बोलीही बदलली, पण पाली तीच राहिली. कोणाचीही मातृभाषा नसलेली ही भाषा भिक्षूंच्या जगात धर्मशाळेसारखी सर्वांना मोकळी होती. या अनुभवाचे मोल आमच्या समीक्षकांनी अजून केलेले नाही.

अन्नाचा विषय या पुस्तकात वारंवार येतो, आणि काही वाचकांस तो क्षुद्र वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. परमुलखात परकेपणा प्रथम जिभेवर येतो आणि मग पोटात उतरतो. तेथील आहार आपल्याला मानवला नाही, प्रकृती ढासळली, हे कोसंबी वैद्याच्या टिपणासारखे सांगतात. यजमानांना नावे ठेवीत नाहीत, स्वतःचे कौतुकही करीत नाहीत. हा समतोल दुर्मीळ आहे.

पुस्तकाच्या उणिवा आहेतच. विहाराबाहेरचा सिंहली माणूस त्यात जवळजवळ दिसत नाही. गाडीवान, दुकानदार, रस्त्यातली मुले यांचे बोलणे आपल्या कानी पडत नाही. अमेरिकेचा भाग तर त्यामानाने फारच कोरडा झाला आहे. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या 'विसुद्धिमग्गा'च्या कामासाठी कोसंबी तिकडे गेले. पण तेथे ते विद्वान म्हणून गेले होते, याचक विद्यार्थी म्हणून नव्हे. ज्या गरजेने सिंहलाची पाने जिवंत झाली, ती येथे राहिली नव्हती.

आणि एक गोष्ट याहून अवघड आहे. 'एकट्याने' हा शब्द आपण कौतुकाने उच्चारतो; पण कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. कोसंबी हे लपवीत नाहीत. तथापि लपवीत नाहीत एवढ्याने ते सांगून झाले असे होत नाही. पतीचा ठावठिकाणा नसता सासर-माहेरच्या माणसांत, स्वतःच्याच भाषेत परके होऊन काढलेली ती वर्षे हासुद्धा एक प्रवास होता, आणि त्याचे 'निवेदन' कोणी लिहिलेले नाही. हे पुस्तक वर्गात शिकविताना शिक्षकाने ही जागा रिकामी असल्याचे सांगावे. ती भरण्याचा खटाटोप करू नये.

आता बडोद्याकडे. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी कोसंबींस दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे आणि बडोदे सरकारसाठी वर्षास एक पुस्तक लिहावे. कलकत्त्यातील अधिक किफायतीची जागा सोडून कोसंबींनी हे पत्करले. बडोद्यातील त्यांच्या व्याख्यानांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे छोटे पुस्तक १९१० साली निघाले. आश्रयदात्याच्या औदार्याचे गोडवे आपण पुष्कळ गातो. आमचे लक्ष मात्र अटीकडे जाते. तू परक्या लिपींतून जे आणलेस ते आमच्या भाषेत उतरव, असा तिचा अर्थ. प्रवाशाला परत बोलावणारी ही अट नसती तर 'निवेदना'ची मराठी आज आहे तशी, हाताशी आलेल्या साध्या शब्दांची, झाली असती की नाही याची आम्हांस शंका आहे.

याच शहरातून दुसरा एक मराठी माणूस १९१२ साली बाहेर पडला. गंगनाथ विद्यालय बंद झाल्यावर काकासाहेब कालेलकर हिमालयाकडे गेले. सोबती होते, पण वाट परकीच होती. त्यांनी त्या यात्रेचे पुस्तक लिहिले ते गुजरातीत, आणि ते गुजराती गद्याचे लेणे ठरले. एकाने परमुलूख मराठीत आणला, दुसऱ्याने स्वतः शेजाऱ्याच्या भाषेत घर केले. कोसंबींनाही पुढे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काही वर्षे गुजराती वातावरणात काढावी लागलीच.

या दोघांच्या मध्ये आम्ही बडोद्याचे मराठी वाचक उभे आहोत. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही गुजराती बोलतो, बाजार करतो, लग्नाची आमंत्रणे वाचतो. पण कालेलकरांचे ते पुस्तक मूळ गुजरातीत वाचलेले किती जण आमच्या बैठकीत आहेत, असे गेल्या खेपेस विचारले तेव्हा दोन हात वर झाले. त्यांतला एक, सांगावयास संकोच वाटतो, आमचा नव्हता.