उभं राहण्याची मजुरी

रवी जाधवचा 'न्यूड' एप्रिल २०१८ मध्ये लागला. त्याआधी २०१७ ला गोव्याच्या इफ्फीसाठी निवड समितीनं तो घेतला होता. माहिती व प्रसारण मंत्रालयानं तो काढून टाकला. समितीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. एवढा गदारोळ कशाचा? एक बाई चित्रकलेच्या वर्गात कपडे उतरवून उभी राहते, याचा. ती का उभी राहते, यावर कुणी गदारोळ केला नाही.

गोष्ट साधी आहे. नवऱ्याला सोडून यमुना पोराला घेऊन मुंबईला चंद्राक्काकडं येते. आक्का जे. जे. स्कूलमध्ये खरं काय काम करते ते तिला कळतं. मग तीही तेच काम धरते. पोराला शिकवायचंय. कल्याणी मुळे आणि छाया कदम, दोघींनी जीव ओतलाय.

जे. जे. १८५७ ची. १९१९ ला आलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन साहेबानं तिथं जिवंत माणसावरून रेखाटन पक्कं केलं. पुतळ्यावरून हात बसतो, पण श्वास घेताना बरगडी कशी हलते, थकल्यावर खांदा कसा उतरतो, हे पुतळा शिकवत न्हाय. ते थकणारं माणूसच शिकवतं. म्हणजे ती बाई मास्तरीणच झाली की! पण चित्राखाली सही काढणाऱ्याची. मी गिरणीत आठ तास उभा असतो, पोटऱ्या भरून येतात. कापडावर माझं तरी नाव कुठं असतं?

माझा आक्षेप इथं आहे. सिनेमा यमुनेचं काम आईपणाच्या पाण्यानं धुऊन घेतो. पोरासाठी केलं, म्हणून माफ. पोर नसतं तर? नुसती मजुरी म्हणून केलं असतं तर? तिथं दिग्दर्शक कचरतो. कष्टाला माफी कशाला लागते?

आता आपलं बघू. सुट्टीत केंदूरला गेलो तेव्हा वही घेऊन आईला काढायला बसलो. म्हणलं, "आये, जरा हलू नको."

"हलू नको तर भाकरी कोण थापंल? आन् मला काढून दावणार कुणाला?"

पेन्सिल थांबली. दोस्तहो, आपण कवितेत आईला किती वेळा उभं केलं! फाटक्या लुगड्यात, उघड्या पाठीची, उपाशी. टाळ्या आपण घेतल्या. तिला कधी विचारलं? वर्गातली मॉडेल निदान पैसे तरी मोजून घेते. मीही ह्यातलाच, म्हणून लिहितोय.

शेवटी तिला विचारून फक्त हात काढले, भाकरी थापणारे. खाली तिचं नाव लिहिलं. तिला वाचता येत न्हाय, म्हणून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बोटं वाकडी काढलीस."

बोटं वाकडीच हायेत. पण ती तशी दाखवू का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.