रूपकातील कलह

कादंबरीतील संघर्ष पात्रांच्या वादविवादांत शोधण्याची आपल्या समीक्षेला फार सवय जडली आहे. म्हणूनच रवीन्द्रनाथांच्या ‘घरे बाइरे’चे (१९१६) विवेचन बहुधा निखिलेश व संदीप यांच्या स्वदेशीविषयक मतभेदांपाशी थांबते. वस्तुतः खरा कलह विमलेला काय म्हणावे, याविषयीचा आहे.

संदीप तिला ‘मक्षीराणी’, म्हणजे मधमाश्यांची राणी, म्हणतो. ही उपमा नव्हे, रूपक आहे. आणि रूपकात उपमेयाला उपमानाहून निराळे उरण्याची मुभा नसते. वरवर पाहता हा गौरव. परंतु पोळ्यातील राणी राज्य कोठे करते? इतरांच्या उद्योगाचे निमित्त होऊन ती पोळ्यातच राहते. पत्नीने अंतःपुराबाहेर यावे म्हणून झटणाऱ्या निखिलेशला याहून क्रूर उत्तर कोणते असणार! हाच संदीप रावणाला रामायणाचा खरा नायक ठरवतो आणि सीतेबाबतचा संकोच हाच रावणाचा दोष मानतो, तेव्हा ‘राणी’ या शब्दाखालचा हेतू उघडा पडतो. (या उल्लेखावरून रवीन्द्रनाथांवर टीका करणारे, बोलणारा संदीप आहे हे विसरले.)

निखिलेश मात्र देशालाही देवीपद देण्यास तयार नाही. विमलेला आपणही मनातल्या साच्यात बसवू पाहत होतो, अशी कबुली तो पुढे देतो. त्याचा हा विवेक खरा. तरी मला तो निर्दोष वाटत नाही. नावाची भूक लागलेल्या स्त्रीला त्याने केवळ मोकळीक देऊ केली. चोरून आणलेले सोने विमला संदीपपुढे ठेवते, तेव्हा तिला त्याच्या ठायी भक्ताऐवजी लोभी माणूस दिसतो, आणि ते नाव तिला परके होऊ लागते.