एका घडीपत्रकाचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे लिहिण्यात माझी हयात गेली. पुस्तक न वाचता परीक्षण कसे लिहावे ही विद्या मला अवगत आहे (संपादकांनाही ते ठाऊक असे, पण तेही परीक्षण न वाचताच छापत). मात्र एकच मजकूर सतरा वेळा वाचून मग लेखणी उचलण्याची पाळी माझ्यावर गेल्या महिन्यात प्रथमच आली. लेखक अज्ञात, प्रकाशकाचे नाव मी सांगत नाही, पृष्ठसंख्या एक. ते एक पान आठ घड्यांचे आहे आणि एकदा उलगडले की ब्रह्मदेवालाही त्याची पूर्ववत घडी घालता यायची नाही.

झाले असे की, आमच्या नातवाकडे रिमोटवर पळणारी एक मोटार आहे. तिला 'खेळण्यातली' म्हटलेले त्याला खपत नाही. खऱ्या गाडीच्या एक-अठ्ठाविसांश माप, तळहातावर मावते. १९९९ साली क्योशो या जपानी कंपनीने 'मिनी-झेड' नावाने अशा गाड्या काढल्या, तेव्हापासून जगभर थोर माणसे गुडघ्यांवर बसू लागली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी पाच गाड्यांची शर्यत होते. नातू दुसरा यायचा. तो पहिला यावा म्हणून वाढदिवसाला मी त्याला एक उंची डिफरन्शियल आणून दिला. तो दुसऱ्याच कुणा कंपनीचा, आणि प्रस्तुत ग्रंथ त्याच्याच डबीत निघाला. डिफरन्शियल बसला आणि नातू चौथा येऊ लागला.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे ग्रंथकाराने सांगितलेले नाही. म्हणून मी सांगतो. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडावे लागते, आतल्याला कमी. लग्नाच्या वरातीत वळणावर बाहेरच्या रांगेतल्या मंडळींची धावपळ उडते, तसेच. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट असली तर कुठले तरी एक फरफटते. ही फरफट चुकवणारी दातेरी चक्रांची युक्ती १८२७-२८ च्या सुमारास ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच गृहस्थाने वाफेच्या गाडीसाठी काढली. हा गृहस्थ पेशाने घड्याळजी. बारीक कामाची खोड असणार.

आमच्या डिफरन्शियलमध्ये आतली दातेरी चक्रे नाहीत. मोठ्या दातेरी चाकाला भोके, त्यांत इवलेसे पोलादी छर्रे, आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत चकत्या. टोकाचा स्क्रू पिळला की चकत्या छऱ्यांना आवळतात आणि नुसत्या घर्षणावर मोटरचा जोर चाकांपर्यंत पोचतो. सारा संसार त्या एका स्क्रूवर! आणि त्या स्क्रूविषयी ग्रंथकार काय म्हणतो? तर, फार घट्ट करू नये. फार म्हणजे किती? आमच्या सौ.ही भाजीत मीठ 'बेताने' घाला म्हणतात. पण त्या निदान शेजारी उभ्या असतात. शैली सूत्रमय आहे, हे मान्य. पण पाणिनीच्या सूत्रांनाही कात्यायनाची वार्तिके आणि पतंजलीचे भाष्य लागले. इथे भाष्याच्या जागी एक चित्र आहे, त्यात सगळे भाग स्फोट झाल्यासारखे हवेत तरंगतात, आणि छऱ्यांपाशी एक थेंब काढला आहे.

या थेंबाने घात केला. थेंब कशाचा, ते लिहिलेले नाही. नातवाने सौ.च्या शिवणयंत्राचे तेल घातले.

घर्षणावर चालणाऱ्या यंत्रात तेल! गाडी सुटताना 'चिर्रर्र' आवाज करी, मोटर जिवाच्या आकांताने फिरे आणि चाके रेंगाळत. घसरते म्हणून पोराने स्क्रू आणखी पिळला. आवाज थांबला, पण आता डिफरन्शियल उरलाच नाही; वळणावर गाडी सरळ भिंतीकडे निघाली.

"आबा, माझ्याच हातून बिघडलं. तुम्ही एवढे पैसे घातलेत," असे म्हणून त्याने गाडी कपाटात ठेवली. दोन रविवार खाली उतरला नाही. गॅलरीतून नुसती शर्यत बघायचा.

तेव्हा मात्र मी चष्मा पुसून ग्रंथ हाती घेतला. रद्दीच्या भावाची कितीतरी पुस्तके मी वाचली आहेत, पण वाचकाने आपल्याच हाताला दोष द्यावा अशी तजवीज कुणी केलेली पाहिली नव्हती.

दोघांनी मिळून सगळे खोलले. छर्रे धुतले, पुसले. डिफरन्शियलचे म्हणून वेगळे सिलिकॉन ग्रीस मिळते, ते नखाएवढे लावले. मग स्क्रूची परीक्षा: मोठे दातेरी चाक अंगठ्याने दाबून धरायचे, एक चाक दुसऱ्या हाताने, आणि उरलेले चाक नातवाने फिरवायचे. सहज फिरले तर सैल. दातेरी चाक सोडून एक चाक फिरवले की दुसरे उलट्या दिशेने मऊ फिरले पाहिजे; अडखळले तर कचरा आहे किंवा फाजील घट्ट. एवढी दोन वाक्ये! आठ घड्यांत कुठेही मावली असती. चाकाचा नट फार आवळल्याने बेअरिंग दाबले जात होते, तोही पाव फेरा मागे घेतला.

वळणे लोण्यासारखी झाली. पण सरळ रस्त्यावर गाडी अजून मंदच.

"आबा, आता?"

मी सवयीने तळटिपेकडे वळलो. शेवटच्या घडीत, मुंगीच्या अक्षरांत, सुट्या भागांची यादी होती. तिथे दातेरी चाकापुढे आकडा होता ५३. जुने चाक डबीतून काढून नातवाने टाचणीने दात मोजले. ४४! मोटरवरच्या छोट्या चाकाला, म्हणजे पिनियनला, आधीही ९ दात आणि डबीतून आलेल्या बारीक दातांच्या नव्या पिनियनलाही ९च. पूर्वी मोटर ४.८९ फेरे फिरली की गाडीचे चाक एकदा फिरे, आता ५.८९ फेरे लागत. म्हणजे सुटताना जोर जास्त, पण वेग शेकडा सतराने कमी. पोराच्या हाताचा यात काडीचाही संबंध नव्हता. ग्रंथकाराला हे ठाऊक होते, त्याने आकडा छापलाही होता. फक्त त्याचा अर्थ स्वतःपाशी ठेवला.

"म्हणजे मी नाही बिघडवली?" नातवाने तीनदा विचारले. मी तीनदा नाही म्हटले.

अकरा दातांचा, तशाच बारीक दातांचा पिनियन आणला. ५३ भागिले ११, म्हणजे ४.८२, जुन्याच्या जवळपास, त्यामुळे मोटर तापायचीही धास्ती नाही. बसवताना दोन्ही चाकांच्या दातांत कागदाची पट्टी धरायची आणि मोटर कसून झाल्यावर ती फिरवून काढायची, म्हणजे दात एकमेकांत रुतत नाहीत. हे आम्हाला दुकानातल्या पोराने सांगितले. ग्रंथकाराने नाही.

न्यायाने सांगायचे तर माल उत्तम आहे. वळणावर गाडी आता जी बसते ती जुन्या डिफरन्शियलवर कधीच बसली नसती. छपाई सुबक, कागद टिकाऊ. रविवारी नातू दुसरा आला, अर्ध्या गाडीने पहिला हुकला. वर येऊन त्याने पेन्सिल घेतली आणि पत्रकावरच्या त्या थेंबाशेजारी लिहिले, "आजीचं तेल नाही."

सौ. अजून विचारताहेत, अहो, त्या तेलाच्या बाटलीचं बूच कुठे आहे?